वाग्गेयकाराचे चित्र : कुमार गंधर्वांवरील अनुबोधपट आणि जवळिकीचा प्रश्न

१

तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात वाग्गेयकाराची संकल्पना स्पष्ट करताना ‘मातु’ आणि ‘धातु’ या दोन संज्ञांचा आधार घेतला आहे. मातु म्हणजे पदाची वाणी, तर धातु म्हणजे तिचे गेय रूप. या दोहोंची निर्मिती करणारा तो वाग्गेयकार. उत्तम वाग्गेयकाराच्या अंगी कोणते गुण असावेत, याची जी दीर्घ यादी शार्ङ्गदेवाने दिली आहे तिचा आरंभ व्याकरणज्ञानाने होतो; पुढे शब्दकोशावरील प्रभुत्व, छंदांची जाण, अलंकारांचे कौशल्य, रसभावांचे आकलन, देशोदेशींच्या रीतींविषयीचे चातुर्य असे गुण येतात. आवाजाच्या रमणीयतेचा निर्देश या यादीत आहे. परंतु तो अनेकांतील एक म्हणून, आणि तोही पुष्कळ उशिरा येतो. रचनाकाराची ओळख त्याच्या गळ्यापाशी सुरू होत नाही, हे या क्रमावरून सूचित होते.

आधुनिक काळात ही ओळख पुसट झाली. हिंदुस्थानी संगीताचा श्रोता प्रथम गायकाला ओळखतो. बंदिश कोणाची हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच उमटतो. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) हे या संदर्भात विशेष अभ्यसनीय उदाहरण ठरते. ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि दुसरा त्यांच्या निधनानंतर, १९९३ साली. या दोन भागांनी आधुनिक वाग्गेयकार म्हणून त्यांचे स्थान निर्विवादपणे सिद्ध केले. तरीही लोकमानसातील कुमार गंधर्व म्हणजे मुख्यतः एक विलक्षण गळा, आणि त्या गळ्यामागे असलेली आजाराची कथा.

समकालीन रचनाकाराचे जवळून घेतलेले चित्र कसे असावे, या प्रश्नाचा विचार मराठीभाषक परिसरात करावयाचा झाल्यास जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’ (२००५) हा अनुबोधपट अपरिहार्यपणे समोर येतो. त्याच्या शेजारी शबनम वीरमणी यांचा ‘कोई सुनता है’ (२००८) आणि अमोल पालेकर व संध्या गोखले यांनी किशोरी आमोणकर यांच्यावर २०१०च्या सुमारास केलेला ‘भिन्न षड्ज’ हे दोन अनुबोधपट ठेवले, तर या प्रकाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. ती मर्यादा चित्रपटतंत्राची नाही. चरित्रातून कलाकृतीकडे जाण्याच्या ज्या सवयीशी साहित्यसमीक्षा दीर्घकाळ झगडत आली, तीच सवय येथे दृश्यरूप धारण करून अवतरली आहे.

२

शीर्षकांपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. ‘हंस अकेला’ हे शीर्षक कुमारांनी गायिलेल्या एका सुप्रसिद्ध निर्गुणी भजनातून आले आहे. या भजनाचे शब्द परंपरेचे. त्याचे गेय रूप मात्र माळव्यातील नाथपंथी गायनाच्या संस्कारातून कुमारांनी सिद्ध केलेले. शार्ङ्गदेवाच्या परिभाषेत सांगायचे तर धातु कुमारांची, मातु परंपरेची. म्हणजे चित्रपटाच्या शीर्षकात वाग्गेयकार अर्धाच आला आहे. शिवाय त्या प्रतिमेतला हंस एकटा आहे आणि तो निघून चालला आहे. कुमारांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी तयार झालेल्या चित्रपटाला ही प्रतिमा स्वाभाविकपणे सुचावी, यात नवल नाही. परंतु ती प्रेक्षकाची अपेक्षा आधीच निश्चित करून टाकते. आपण एका एकाकी जीवाची यात्रा पाहणार आहोत, एका रचनाकाराची कार्यशाळा नव्हे, हे शीर्षकच सांगते.

‘भिन्न षड्ज’ हे शीर्षक वेगळ्या रीतीने अर्थवाही आहे. ते एका रागाचे नाव आहे. ऋषभ आणि पंचम वर्ज्य असलेला हा राग आधार देणारा पंचम नाकारून उभा राहतो. ‘वेगळा षड्ज’ हा त्याचा श्लेषार्थ किशोरीताईंच्या स्वतंत्र वृत्तीकडे निर्देश करतो. संगीतातील संज्ञा येथे स्वभावाचे रूपक झाली आहे. ‘कोई सुनता है’ हे तिसरे शीर्षकही निर्गुणी भजनाच्याच जगातले. मात्र त्याचा कर्ता गाणारा नाही, ऐकणारा आहे. हा भेद वरवर किरकोळ दिसला, तरी पुढील विवेचनात त्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

३

कुमारांच्या चरित्राचा स्थूल आराखडा सर्वपरिचित आहे. बेळगावजवळील सुळेभावी येथे जन्म, बालवयातच असामान्य अनुकरणशक्तीमुळे लाभलेली कीर्ती, मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण; १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी विवाह; १९४८च्या आरंभी देवासला स्थलांतर; क्षयरोग आणि सुमारे पाच वर्षांचे सक्तीचे मौन; त्यानंतरचे पुनरागमन; १९६१ साली भानुमतींचा मृत्यू; पुढे वसुंधरा कोमकली यांची साथ. या आराखड्यात नाट्य अंगभूत आहे. चित्रपट ही काळात उलगडणारी कला असल्याने तिला पूर्व आणि उत्तर, संकट आणि परिहार यांची गरज भासते. मौनाची पाच वर्षे ही गरज आयतीच भागवतात. आजारापूर्वीचा अनुकरणकुशल बालकलावंत आणि आजारानंतरचा स्वयंभू प्रतिभावंत अशी दोन चित्रे समोरासमोर ठेवली, की मधला आजार आपोआप ‘कारण’ होऊन बसतो. निवेदनाने तसे म्हटले नाही, तरी क्रमच ते म्हणतो.

हा आकृतिबंध एकट्या कुमारांचा नाही, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कोल्हापूरच्या संगीतपरंपरेला त्याचा एक प्रसिद्ध पूर्वावतार ठाऊक आहे. १८९५ साली शाहू छत्रपतींच्या दरबारात आलेले अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज त्यापूर्वी आमलेटा येथे अतिश्रमाने गेला होता, आणि परत आलेल्या वेगळ्या आवाजातून त्यांनी नवी गायकी घडविली, अशी कथा जयपूर-अत्रौली घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मोगूबाई कुर्डीकरांची कन्या म्हणून त्याच घराण्याचा वारसा लाभलेल्या किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांचाही आवाज तारुण्यात काही काळ गेला होता, आणि त्यांच्या गायकीतील स्वातंत्र्याचे मूळ अनेकांनी त्या मौनात शोधले आहे. तीन थोर कलावंत, आवाज हरवण्याच्या तीन घटना आणि एकच निष्कर्ष! घटना खऱ्या आहेत. शंका आहे ती निष्कर्षाविषयी. इतके भिन्न संगीत एकाच कारणातून निपजत असेल, तर ते कारण त्या संगीताविषयी फारसे काही सांगत नाही, असेच मानावे लागते.

या निष्कर्षाला सैद्धान्तिक आधारही मिळाला आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात घराण्याच्या शैलीचा संबंध तिच्या प्रवर्तकाच्या आवाजधर्माशी जोडला. गायकीच्या संदर्भात हा विचार मूलगामी आहे. आवाजाची जात, श्वासाचा दम, स्वरांचा लगाव यांतून एक गानविधी आकारतो, हे अनुभवाला पटणारे आहे. परंतु हा विचार गायकीचा आहे, रचनेचा नव्हे. गायक आणि वाग्गेयकार एकाच देहात नांदत असले, तरी त्यांच्या निर्मितीचे अस्तित्व भिन्न प्रकारचे असते. अनुबोधपट हा भेद जेव्हा विसरतो, तेव्हा तो गळ्याच्या कथेलाच रचनेची कथा समजू लागतो.

४

कुमारांच्या गायनातील लहान स्वरवाक्ये, अकस्मात येणारे विराम, तुटक वाटणारी पण आतून सलग असलेली आलापी यांचे स्पष्टीकरण क्षीण झालेल्या फुप्फुसाने दिले जाते. क्षणभर ते मान्य करू. आता ‘अनूपरागविलास’मधील एखादी बंदिश, निरोगी आणि दीर्घ श्वासाचा दुसरा गायक गात आहे, अशी कल्पना करावी. मुखड्याचे वळण, समेवर येण्याची अनपेक्षित वाट, अक्षरांना मिळालेले मात्रांचे वजन, अस्थाईतून अंतऱ्यात जातानाची झेप ही सर्व त्याला पाळावीच लागतात. त्याच्या श्वासाला पुरेसा अवकाश असूनही तो तेथेच थांबतो, कारण थांबणे रचनेत आहे. वसुंधरा कोमकली, मुकुल शिवपुत्र, कलापिनी कोमकली, सत्यशील देशपांडे अशा परस्परभिन्न गळ्यांतून या बंदिशी गायिल्या गेल्या आणि तरीही त्या कुमारांच्याच राहिल्या. फुप्फुस वारशाने देता येत नाही. विराम देता येतो. म्हणून तो विराम शरीराची अगतिकता न राहता कलावंताने घेतलेला निर्णय ठरतो.

याचा अर्थ असा की, कुमारांच्या व्यक्तिमत्त्वातील ज्या भागाचे स्पष्टीकरण आजार देऊ शकत नाही, तो नेमका वाग्गेयकाराचा भाग आहे. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी रचलेला गांधी मल्हार घ्यावा. तेथे प्रेरणा सार्वजनिक, प्रकार परंपरेतला, आव्हान रागरचनेचे. व्यक्तिगत व्यथेची किल्ली त्या कुलपाला लागत नाही. अशा रचनांपाशी चरित्रप्रधान चित्रपटाला सांगण्यासारखे थोडेच उरते. आणि जेथे सांगण्यासारखे थोडे, तेथे तो फार वेळ थांबत नाही.

रचनाकाराची स्वतःची उपस्थिती नोंदवण्याची जुनी रीत येथे आठवते. बंदिशीच्या अंतऱ्यात मुद्रा गुंफली जाते. कोल्हापुरात दीर्घकाळ राहिलेले जगन्नाथबुवा पुरोहित हे ‘गुणिदास’ या मुद्रेने रचना करीत. जोगकंस रागाचे हे कर्ते. त्यांच्या आयुष्याचे तपशील आज फार थोड्यांना ठाऊक असतील, परंतु त्यांची बंदिश गाणारा प्रत्येक जण त्यांचे नाव उच्चारतो. मुद्रा हे रचनाकाराचे सर्वांत संक्षिप्त आत्मचित्र होय. त्यात दुःख नाही, घर नाही, चेहरा नाही; आहे ती रचनेच्या आत असलेली एक जागा. रचनाकार आपल्या कृतीत किती आणि कोठे असतो, याविषयी परंपरेने दिलेले हे उत्तर कॅमेऱ्याने दुर्लक्षावे असे नाही.

साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकास हा वाद नवा नाही. लेखकाचे जीवन जाणल्याखेरीज कृती कळत नाही, या सँत-बव्हच्या भूमिकेला प्रूस्तने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : समाजात वावरणारा ‘मी’ आणि ग्रंथ निर्माण करणारा ‘मी’ हे एक नव्हेत. मराठीत कविचरित्रांच्या आधारे कविता वाचण्याची आणि ‘कवीचे दुःख’ हे ‘कवितेचे मूल्य’ मानण्याची प्रवृत्ती दीर्घकाळ टिकली. पुढे कलाकृतीच्या स्वायत्ततेच्या आग्रहाने तिला आवर घातला. अनुबोधपटाची समीक्षा मात्र आपल्याकडे पुष्कळदा विषयाच्या थोरवीपाशीच विराम पावते. थोर माणसावरील चित्रपट म्हणून तो थोर, असा सोपा न्याय लावला जातो.

५

तथापि, आजाराची वर्षे रचनाकाराच्या दृष्टीने निरर्थक होती, असे म्हणणे हे दुसरे टोक होईल. त्या वर्षांत काय घडले, याचे वर्णन बदलले पाहिजे. देवासच्या मौनात कुमार गात नव्हते. ते ऐकत होते. माळव्यातील स्त्रियांची लोकगीते, मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या धुना, नाथपंथीयांची निर्गुणी पदे त्यांच्या कानावर पडत राहिली. या धुनांत रागाची बीजे असतात, या जाणिवेतून त्यांनी पुढे ‘धुनउगम’ रागांची कल्पना मांडली आणि लगनगंधार, मालवती, सहेली तोडी, संजारी यांसारखे राग सिद्ध केले. आजाराने गळ्याला काय केले, यापेक्षा त्याने कानाला काय दिले हा प्रश्न वाग्गेयकाराच्या संदर्भात अधिक फलदायी आहे. शार्ङ्गदेवाच्या यादीतील देशरीतींविषयीचे चातुर्य येथे आपले खरे मोल दाखवते.

हा फरक तपशिलाचा नाही, नैतिकही आहे. व्यथेतून प्रतिभा अशी मांडणी केली, की निर्मितीचे सारे श्रेय एका सोसणाऱ्या व्यक्तीच्या खाती जमा होते. श्रवणातून रचना अशी मांडणी केली, की ऋणको आणि धनको दोघेही समोर येतात. ज्या बायांच्या कंठात त्या धुना होत्या त्यांची नावे कोठे नाहीत. त्यांना मुद्रा नव्हती. कुमारांनी ‘धुनउगम’ हा शब्द योजून ते ऋण संज्ञेतच नोंदवले. एकाकी हंसाच्या प्रतिमेत या ऋणाला जागा उरत नाही. ‘कोई सुनता है’ या चित्रपटाचे वेगळेपण येथे आहे. तो कुमारांची कथा माळव्यातील कबीर-गायनाच्या जिवंत मौखिक परंपरेत विणत जातो. त्याचा मुख्य शोध कबीराचा असल्याने बंदिशकार कुमार त्यातही ओझरतेच येतात. परंतु रचनाकाराच्या भोवती असलेला आवाजांचा प्रदेश तो दाखवतो, आणि त्यामुळे ऐकणे हीसुद्धा कृती आहे, हे प्रेक्षकाला उमगू लागते.

‘भिन्न षड्ज’ची अडचण आणखी निराळी आहे. तेथे कलावंत हयात होती, बोलत होती, आणि आपल्या कलेचे स्वतंत्र तत्त्वचिंतन तिने केले होते; ‘स्वरार्थरमणी’ हा ग्रंथ त्याची साक्ष आहे. निधनोत्तर चित्रपटात इतरांच्या आठवणी चित्र रेखतात. हयात कलावंताच्या चित्रपटात तिचे स्वतःचे भाष्य. पहिल्यात भक्तीचा धोका, दुसऱ्यात आत्मव्याख्येचा. किशोरीताईंसारखी समर्थ भाष्यकार समोर असता दिग्दर्शकाने स्वतःचा प्रश्न हरवू न देणे कठीण असते. दोन्ही प्रकारांत लाभणारी जवळीक ही व्यक्तीशी असते. रचनेशी ती असेलच, असे नाही.

६

मग रचनेशी जवळीक म्हणजे काय, आणि ती पडद्यावर शक्य आहे काय? पाश्चात्त्य रचनाकाराच्या बाबतीत एक सोय असते : त्याचे लिहिणे दिसते. स्कॉट हिक्स यांनी फिलिप ग्लास यांच्यावर २००७ साली केलेला अनुबोधपट बारा भागांत विभागला आहे. ग्लास यांच्याच ‘म्युझिक इन ट्वेल्व्ह पार्ट्‌स’ या रचनेच्या नावाचा पडसाद त्यात आहे. घरगुती जवळीक तेथेही भरपूर आहे, परंतु मेज, पेन्सिल आणि स्वरलिपीचा कागद हे काम दृश्य करतात. आपल्या वाग्गेयकाराचे मेज म्हणजे तानपुरा. बंदिश गुणगुणण्यात जन्मते, अनेक दिवस तोंडात घोळते, आणि कागदावर उतरते तेव्हा निर्मिती बहुतांशी संपलेली असते. जे दिसत नाही ते दाखवावे कसे, ही अडचण खरी आहे.

परंतु ती दुर्लंघ्य नाही. फिल्म्स डिव्हिजनच्याच छत्राखाली मणी कौल यांनी १९८९ साली ‘सिद्धेश्वरी’ निर्माण केला. तेथे चरित्राचा क्रम मोडला आहे. ठुमरीत एकाच शब्दाकडे पुनःपुन्हा नव्या वाटेने यावे, तशी चित्रचौकट बनारसच्या नदीकडे, घाटांकडे, चेहऱ्यांकडे परत परत येते. सिद्धेश्वरीदेवींविषयी माहिती कमी मिळते, पण त्यांच्या गाण्याची चाल कळते. रूपाने रूपाला दिलेले हे उत्तर होय. हा मार्ग सर्वांनी अनुसरावा असे नाही. तो दुर्बोध आहे, आणि कलावंताच्या आयुष्याविषयी प्रेक्षकाच्या मनात असलेले कुतूहल अप्रस्तुत ठरवण्याचा त्याला अधिकार आहे काय, हाही प्रश्नच आहे. तरीही कलेच्या बांधणीतून चित्रपटाची बांधणी घडू शकते, एवढे त्याने सिद्ध केले.

कुमारांच्या बाबतीत साधी योजनाही पुरेशी ठरली असती. माळव्यातील एक धून, तिच्यातून निघालेला राग, त्या रागातील बंदिश, छापील स्वरलिपी आणि तीच बंदिश दोन-तीन भिन्न गळ्यांतून, अखंड : एवढा एक प्रवास निवेदनाशिवाय दाखवला, तर वाग्गेयकार दिसला असता. त्यासाठी चित्रपटाने पूर्ण आवर्तने ऐकवण्याचा धीर धरावा लागतो. आठवण सांगणाऱ्याच्या वाक्याखाली गाणे मंद करत नेणे ही या प्रकाराची रूढ रीत आहे. रचनेच्या दृष्टीने मात्र ती कवितेच्या ओळी मधूनच तोडून कवीच्या घराचे वर्णन सुरू करण्यासारखी आहे.

७

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. हिंदुस्थानी संगीतात बंदिश ही पूर्ण कृती नसते. ती गायनाची बीजावस्था असते. छापील ‘अनूपरागविलास’ वाचून कुमार कळत नाहीत, त्यांच्या गळ्यातूनच ते कळतात. मग गायक आणि वाग्गेयकार यांची फारकत कृत्रिम नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. कुमारांच्या कंठात बंदिश जी उजळते ती अन्यत्र तशीच उजळेल, याची ग्वाही कोणी देणार नाही. परंतु येथे प्रतिपादन फारकतीचे नसून क्रमाचे आहे. गळ्याला कारण मानून रचनेकडे जाण्याऐवजी रचनेपासून निघून गळ्याकडे यावे, म्हणजे त्या गळ्याने केलेल्या निवडी दिसू लागतात आणि आजार हे त्या निवडींचे पर्यावरण ठरते, कर्ता ठरत नाही.

कोल्हापूरकर गोविंदराव टेंबे यांनी अल्लादिया खाँचे चरित्र शब्दांत लिहिले. टेंबे स्वतः रचनाकार. १९११च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, आणि ‘प्रभात’च्या १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे संगीतही त्यांचे. खाँसाहेबांचे आत्मकथनही त्यांचे नातू अझीझुद्दीन खाँ यांनी लिहून घेतल्यामुळे उपलब्ध आहे. खाँसाहेबांवर त्यांच्या हयातीत अनुबोधपट झाला नाही, आणि तरीही त्यांनी प्रचारात आणलेल्या अनवट रागांतून आणि बंदिशींतून त्यांची विचार करण्याची रीत आजचा विद्यार्थी शिकतो. ‘हंस अकेला’ने कुमारांचा सहवास अनेकांच्या आठवणींतून जतन केला, हे त्याचे कार्य मोलाचेच आहे, ती माणसे एकेक करून काळाआड जात असताना ते अधिकच मोलाचे होत जाईल. त्या संचिताचा आदर राखून एवढेच नोंदवावयाचे, की वाग्गेयकार कुमार गंधर्व यांचे चित्र अद्याप व्हावयाचे आहे, आणि त्याची सामग्री आठवणींपेक्षा बंदिशींत अधिक आहे.